सुफळ संपूर्ण होण्याचा हक्क

आपल्याकडे व्रताची कहाणी ऐकावयास बसले म्हणजे शेवटचे दोन शब्द कानी पडेपर्यंत जागचे उठावयाचे नाही, असा नेम आहे. मध्ये राजा उतला, राणी मातली, धाकटी सून घराबाहेर काढली गेली, नांदता वाडा ओस पडला, तरी ऐकणाऱ्या पोराबाळांचा धीर सुटत नाही. कहाणी सुफळ संपूर्ण होणार हे त्यांना ठाऊक असते. कथेचा शेवट म्हणजे पात्रांच्या वागण्यावर दिलेला निकालच होय. ज्याचे भले झाले तो बरोबर, ज्याचे वाटोळे झाले तो चूक, हे मूल कोणी न शिकवता शिकते. मी शाळेत मराठी शिकविते आणि फावल्या वेळी कादंबऱ्या लिहिते; या दोन्ही धंद्यांत मला आलेला अनुभव असा की, वाचक मधली शंभर पाने विसरतो, परंतु शेवटी कोण जगले आणि कोण मेले हे तो कधीच विसरत नाही.

मला येथे एका विशिष्ट प्रकारच्या कादंबऱ्यांच्या शेवटांचा इतिहास सांगावयाचा आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला एखाद्या मुलाविषयीच ओढ वाटू लागते, सतरा वर्षांच्या मुलीला मैत्रिणीचा हात हातातून सोडवत नाही, आणि मग 'आपण आहो तरी कोण?' हा प्रश्न रात्रीची झोप उडवितो. अशा मुलामुलींसाठी लिहिलेल्या कादंबऱ्या प्रथम मुख्यतः अमेरिकेत निपजल्या. त्यांचा पन्नास-साठ वर्षांचा इतिहास पाहिला तर त्यात एकच झगडा दिसतो: या मुलांची कहाणी सुफळ संपूर्ण होऊ द्यावयाची की नाही? दिवाळीच्या अंकात हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. दिवाळीचा अंक घरातली सगळीच माणसे वाचतात, आणि त्या सगळ्यांत चौदा वर्षांचेही कोणी असते, एवढे उत्तर पुरे आहे.

या झगड्याचे मूळ प्रौढांच्या पुस्तकांत आहे. १९२८ च्या जुलैत लंडनमध्ये रॅडक्लिफ हॉल या लेखिकेची 'द वेल ऑफ लोन्लिनेस' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. स्टीफन असे पुरुषी नाव ठेवलेली एक स्त्री दुसऱ्या स्त्रीवर प्रेम करते, आणि अखेर तिच्या सुखासाठी तिला मुद्दाम दूर लोटून एका पुरुषाच्या हाती सोपविते, अशी तिची कथा. पुस्तकात चावट असे काही नाही. तरी 'संडे एक्स्प्रेस'चे संपादक जेम्स डग्लस यांनी लिहिले की, निरोगी मुलाच्या वा मुलीच्या हाती हे पुस्तक देण्यापेक्षा मी विषाची कुपी देईन. त्याच वर्षी नोव्हेंबरात बो स्ट्रीटचे मुख्य दंडाधिकारी सर चार्टर्स बायरन यांनी पुस्तकाच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. इंग्लंडमध्ये ती कादंबरी पुन्हा छापली जाण्यास १९४९ साल उजाडावे लागले. डग्लस यांच्या वाक्यातला 'मुलगा वा मुलगी' हा शब्दप्रयोग ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पुस्तक प्रौढांचे, लेखिका प्रौढ, नायिका प्रौढ. परंतु बंदीचे कारण मात्र घरातले पोर. पुढे सत्तर वर्षे हेच कारण पुन्हा पुन्हा पुढे केले गेले.

अमेरिकेत निराळी तऱ्हा होती. तेथे १८७३ सालापासून अश्लील मजकूर टपालाने धाडण्यास बंदी करणारा कॉमस्टॉक कायदा होता, आणि टपालखाते पुस्तकांचे गठ्ठे अडवू शकत असे. १९५२ साली मॅरिजेन मीकर नावाच्या पंचविशीतल्या लेखिकेने एका महिला-वसतिगृहातील दोन विद्यार्थिनींच्या प्रेमाची कथा लिहावयास घेतली. प्रकाशक 'गोल्ड मेडल', म्हणजे स्टेशनांवर आणि औषधांच्या दुकानांत पंचवीस सेंटांना विकली जाणारी कागदी बांधणीची पुस्तके काढणारे. त्यांच्या संपादकाने तिला स्पष्ट सांगितले की, विषय हवा तो घे, पण शेवट गोड करू नकोस. या मुली सुखी झाल्या असे दिसले तर टपालखाते सारी आवृत्ती अडकवून ठेवील. मीकरने आज्ञा पाळली. 'विन पॅकर' या टोपणनावाने निघालेल्या 'स्प्रिंग फायर' या कादंबरीच्या अखेरीस एक मुलगी वेडाच्या इस्पितळात जाते, आणि दुसरीला साक्षात्कार होतो की आपले तिच्यावर प्रेम कधी नव्हतेच. पुस्तक अमाप खपले. म्हणजे लाखो वाचकांनी जो शेवट वाचला तो लेखिकेच्या मनाने ठरविलेला नव्हता. तो टपालखात्याच्या धास्तीने ठरला होता. त्याच वर्षी पॅट्रिशिया हायस्मिथ यांनी 'द प्राइस ऑफ सॉल्ट' या कादंबरीत दोन स्त्रियांना अखेर एकत्र येऊ दिले खरे, पण तेही दुसऱ्या नावाआड लपून.

खास कुमारांसाठी लिहिलेल्या, वास्तवाला भिडणाऱ्या कादंबऱ्यांचा काळ अमेरिकेत १९६७ च्या सुमारास सुरू झाला. त्या वर्षी एस. ई. हिंटन या कोवळ्या वयाच्या मुलीने लिहिलेली 'द आउटसायडर्स' निघाली. हार्पर प्रकाशनात मुलांच्या पुस्तकांचा विभाग अर्सुला नॉर्डस्ट्रॉम या बाईंच्या हाती होता. 'शार्लट्स वेब' आणि 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' ही जगभरच्या मुलांची लाडकी पुस्तके त्यांच्याच देखरेखीखाली तयार झालेली. मुलांपासून काही दडवावे हे त्यांना पसंत नव्हते. १९६९ साली त्यांनी जॉन डॉनोव्हन यांची 'आय'ल गेट देअर. इट बेटर बी वर्थ द ट्रिप' ही कादंबरी काढली. मुक्कामाला मी पोचेन, पण चालल्याचे सार्थक व्हावे म्हणजे झाले, असा त्या लांबलचक नावाचा भाव. दोन मुलांमधील अशा ओढीविषयी कुमारांसाठी उघडपणे लिहिलेली ही पहिली कादंबरी समजली जाते.

तिचा नायक डेव्ही तेरा वर्षांचा. सांभाळणारी आजी वारते आणि तो आपला कुत्रा फ्रेड याला घेऊन न्यूयॉर्कला आईकडे येतो. आई दारूच्या आहारी गेलेली. शाळेत आल्ट्शुलर नावाचा मुलगा भेटतो, दोघांची गट्टी जमते, आणि एके दिवशी खेळता खेळता दोघे एकमेकांचे चुंबन घेतात. आईला संशय येतो, ती आकांडतांडव करते. त्याच सुमारास फ्रेड रस्त्यावर मोटारीखाली सापडून मरतो. डेव्हीच्या मनाने लगेच हिशेब मांडला: मी ते केले, म्हणून माझा कुत्रा मेला. लेखक अखेरीस या हिशेबातून त्याला अर्धामुर्धा सोडवितो. दोन्ही मित्र एकमेकांचा मान राखावयाचे ठरवितात. पण वाचणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलाच्या लक्षात काय राहिले असेल? मला वाटते, कुत्राच राहिला असेल.

नंतरच्या दहा वर्षांत अशा कादंबऱ्या दोन्ही हातांच्या बोटांवर मोजण्याइतक्याच निघाल्या, आणि मोटारीने त्यांची पाठ सोडली नाही. इझाबेल हॉलंड यांच्या 'द मॅन विदाउट अ फेस' (१९७२) मध्ये मुलाला जीव लावणारा शिक्षक अखेर हृदयविकाराने जातो. सँड्रा स्कॉपेटोन यांच्या 'ट्राइंग हार्ड टू हिअर यू' (१९७४) मध्ये जेफ आणि फिल या दोन मित्रांचे गुपित फुटते. आपण इतरांसारखेच आहो हे दाखविण्यासाठी फिल एका मुलीबरोबर मोटारीतून जातो आणि अपघातात दोघेही मरतात. त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या रोझा गाय यांनी 'रूबी' (१९७६) मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतील दोन कृष्णवर्णीय मुलींची कथा मोठ्या धिटाईने सांगितली. पण तीही मैत्रीण दुरावून, नायिकेला मृत्यूच्या उंबरठ्यापर्यंत नेऊन, अखेर एका मुलाच्या दिशेने वळविते. १९७६ सालीच फ्रान्सिस हँकेल आणि जॉन कनिंगहॅम यांनी ग्रंथपालांच्या एका मासिकात लेख लिहून प्रश्न केला की, या पुस्तकांतून अशा मुलांना कधी सुख लाभणार आहे की नाही? प्रश्न साधा होता, आणि तोवर कोणी विचारला नव्हता.

हे तिकडचे, असे म्हणून आपण नाक मुरडण्याचे कारण नाही. आपल्या रंगभूमीवर १९८१ साली विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' आले. मित्रा ही महाविद्यालयात शिकणारी मुलगी. तिचे मन दुसऱ्या मुलीवर जडते. तेंडुलकरांची लेखणी तिच्याकडे तुच्छतेने पाहत नाही. तरी नाटकाच्या अखेरीस मित्रा आपला जीव संपविते. आणि त्याहीपूर्वी, १९३४ साली, र. धों. कर्व्यांवर मुंबईत खटला झाला तो कशासाठी? 'समाजस्वास्थ्य' मासिकात त्यांनी वाचकांच्या खाजगी प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून. त्यांत समलिंगी आकर्षणाविषयीचेही प्रश्न होते. त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. कर्व्यांना दंड झाला. तेव्हा हा प्रश्न मराठी मनाला पडत नव्हता असे नाही. प्रश्न होता आणि विचारणारेही होते. उत्तर देणाऱ्याला मात्र दंड होता.

आता १९८२ सालाकडे येऊ. नॅन्सी गार्डन या बाई १९३८ साली बोस्टन येथे जन्मल्या. वाढत्या वयात स्वतःसारखे कोणी पुस्तकात भेटते का, हे त्या शोधीत होत्या, आणि त्यांच्या हाती पडली ती 'द वेल ऑफ लोन्लिनेस'च. तो उदास शेवट वाचून त्यांनी मनाशी ठरविले की, आपण मोठेपणी असे पुस्तक लिहावयाचे, ज्याचा शेवट सुखाचा असेल. ते 'ॲनी ऑन माय माइंड' या नावाने १९८२ साली फरार, स्ट्राउस अँड जिरू या प्रकाशकांनी काढले.

कथा अशी. लायझा सतरा वर्षांची; न्यूयॉर्कमधील एका खाजगी शाळेच्या विद्यार्थी-मंडळाची अध्यक्षा, वास्तुशास्त्र शिकण्याची इच्छा असलेली. एका पावसाळी दिवशी मेट्रोपॉलिटन संग्रहालयात तिला ॲनी भेटते. ही साध्या सरकारी शाळेतली आणि गोड गळ्याची. चिलखतांच्या दालनात दोघी लहान मुलांसारख्या लुटुपुटूची लढाई खेळतात. पुढे स्नेह, मग प्रेम. आणि आपल्याला हे काय होते आहे, याची भीती. शाळेतल्या दोन शिक्षिका सुटीत परगावी गेलेल्या असताना लायझा त्यांच्या मांजरांची देखभाल करते, आणि त्या घरात दोघी सापडतात. शाळेत चौकशी बसते. लायझा सुटते, पण त्या दोन शिक्षिकाही वर्षानुवर्षे एकमेकींच्या सहचारिणी आहेत हे उघड झाल्याने त्यांची नोकरी जाते. त्या मात्र मुलींना दोष देत नाहीत, उलट धीरच देतात. शिक्षक म्हणून मी या प्रसंगापाशी फार वेळ थांबले. गावातली इभ्रत, हातची नोकरी, सारे गेलेले असताना दारात आलेल्या विद्यार्थिनीला 'तुझ्यामुळे' असे न म्हणणे, याला केवढे मन लागत असेल!

लायझा पुढे शिकावयास जाते. कित्येक महिने तिला ॲनीला साधे पत्रही लिहवत नाही. अखेर नाताळाच्या सुटीआधी ती दूरध्वनी उचलते, पलीकडून ॲनीचा आवाज येतो, आणि कादंबरी संपते. मोटार नाही, इस्पितळ नाही, नदी नाही. एवढासाच शेवट, परंतु त्याला १९२८ पासून चौपन्न वर्षे लागली.

हे पुस्तक शाळांच्या ग्रंथालयांत दहा-अकरा वर्षे शांतपणे राहिले. १९९३ साली 'प्रोजेक्ट २१' नावाच्या एका गटाने कॅन्झस सिटीच्या परिसरातील ४२ शाळांना हे आणि आणखी एक पुस्तक भेट दिले, आणि गहजब उडाला. शाळाखात्याच्या कचेरीसमोर काही मंडळींनी 'ॲनी'ची प्रत जाळली. जवळच्या ओलेथा गावात तर शाळांच्या प्रमुख अधिकाऱ्यांनी नवी प्रत नाकारलीच, शिवाय वर्षानुवर्षे कपाटात असलेली जुनी प्रतही काढून टाकण्याचा हुकूम दिला. दहा वर्षांत जिच्याविषयी कोणा पालकाची तक्रार नव्हती ती प्रत एका दिवसात मुलांच्या प्रकृतीस अपायकारक ठरली!

काही विद्यार्थी आणि त्यांचे पालक न्यायालयात गेले. विद्यार्थ्यांनी आपल्याच शाळेविरुद्ध उभे राहणे ही लहान गोष्ट नव्हे. रोज त्याच वर्गात, त्याच बाकावर जाऊन बसावयाचे असते. नॅन्सी गार्डन स्वतः साक्षीसाठी कॅन्झसला आल्या. मुद्दा असा होता की, १९८२ सालीच, म्हणजे 'ॲनी' निघाली त्याच वर्षी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात आयलंड ट्रीज येथील शाळेच्या खटल्यात प्रमुख निकालपत्राने सांगितले होते की, पुस्तकातील विचार आवडत नाही एवढ्याच कारणासाठी शाळामंडळाला ते ग्रंथालयातून काढता येत नाही. ओलेथाच्या मंडळाचे म्हणणे पडले की पुस्तक शैक्षणिक दृष्ट्या अयोग्य आहे. न्यायमूर्ती थॉमस व्हॅन बेबर यांनी साक्षी ऐकून १९९५ च्या नोव्हेंबरात निकाल दिला की, खरे कारण त्यातील विचारांविषयीची नावड हेच आहे, आणि पुस्तक परत कपाटात ठेवावे. मंडळाने अपील केले नाही. 'ॲनी' आपल्या जागी परत आली. शतकाच्या अखेरीस या एकाच पुस्तकाचे नाव दोन याद्यांत दिसते: ज्यांना सर्वाधिक विरोध झाला अशा शंभर पुस्तकांच्या, आणि ज्यांनी शतकाला आकार दिला अशा शंभर पुस्तकांच्या.

ब्रिटनमध्ये जाळपोळ झाली नाही, तेथे मौनाने काम भागविले. १९८८ च्या कायद्यातील अठ्ठाविसाव्या कलमाने स्थानिक संस्थांना समलिंगी नात्यांचा 'पुरस्कार' करण्यास मनाई केली. त्या कलमाखाली एकाही शिक्षकाला शिक्षा झाली नाही. परंतु नेमके काय बोललेले चालेल हे कोणालाच ठाऊक नसल्याने शिक्षकांनी बोलणेच सोडले. स्कॉटलंडमध्ये २००० साली आणि उर्वरित ब्रिटनमध्ये २००३ साली ते कलम रद्द झाले. संदिग्ध कायदा आणि नोकरीची काळजी एकत्र आली म्हणजे शिक्षक किती लवकर मुका होतो, हे मला कोणी परदेशातून येऊन सांगावयास नको.

या अवधीत मॅरिजेन मीकरचे काय झाले? १९५२ साली टपालखात्याच्या भीतीने नायिकेला वेड लावणारी ही लेखिका पुढे एम. ई. कर या नावाने कुमारांची मोठी लाडकी लेखिका झाली. १९९४ साली, सदुसष्टाव्या वर्षाच्या सुमारास, तिने 'डिलिव्हर अस फ्रॉम इव्ही' लिहिली. मिसूरीच्या शेतकरी घरातील यंत्रे दुरुस्त करणारी इव्ही, तिचे एका श्रीमंत मुलीवरील प्रेम, गावातली कुजबूज, आईची घालमेल, हे सारे तिचा धाकटा भाऊ सांगतो. इव्ही वेडी होत नाही आणि मरत नाही. ती गाव सोडते, प्रेम सोडत नाही. बेचाळीस वर्षांनी का होईना, लेखिकेने हिरावून घेतला गेलेला शेवट परत मिळविला. २०२२ साली ती वारली.

पुढची वाट उताराची होती. डेव्हिड लेव्हिथन यांच्या 'बॉय मीट्स बॉय' (२००३) मध्ये असे गावच कल्पिले आहे जेथे या गोष्टीचे कोणाला नवल वाटत नाही. बेकी अल्बर्टाली यांची २०१५ ची सायमन नावाच्या मुलाची कथा २०१८ साली मोठ्या पडद्यावर आली. तथापि उतारावरही खाचखळगे असतात. २०२१ नंतर अमेरिकेतील शाळांच्या ग्रंथालयांतून अशी पुस्तके हटविण्याची नवी लाट उसळली.

आपल्याकडेही पाने उलटली. २००६ साली सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' ही मराठी कादंबरी आली. पुण्याच्या एका घरातील भाऊ आणि बहीण दोघेही घरी राहावयास आलेल्या एकाच तरुणाच्या प्रेमात पडतात. दुःख आहे, प्रेमभंग आहे. पण ते दुःख जसे भावाचे तसेच बहिणीचे. त्याला वेगळी शिक्षा नाही. २०१३ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ कायम ठेवले, आणि पुढच्याच वर्षी पायल धर आणि हिमांजली शंकर यांच्या शाळकरी मुलांविषयीच्या इंग्रजी कादंबऱ्या भारतात प्रसिद्ध झाल्या. ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने, संमतीने एकत्र येणाऱ्या प्रौढांना त्या कलमाच्या कक्षेतून वगळले. कुमारवयाच्या मराठी वाचकासाठी मात्र त्याच्या भाषेतले असे फळ अजून विरळाच दिसते.

माझे एक लेखकमित्र म्हणतात, शेवट गोडच हवा असा आग्रह म्हणजे वाङ्मयाला साखर चारणे. त्यांचे म्हणणे मला मान्य आहे, पण अर्धेच. शोकान्त कथेच्या पोटातून उगवला तर तो थोर. परंतु दर खेपेस एकाच जातीचे पात्र मरू लागले, तेही वळणावरची मोटार लेखकाच्या सोयीने येऊन, तर तो शोकान्त उरत नाही. ती कुठल्या तरी खात्याने आधीच लिहून ठेवलेली शिक्षा असते. कोणाही मुलाच्या कहाणीचा शेवट दुःखाचा होऊ शकतो. तो दुःखाचाच झाला पाहिजे, असा नियम कोणा एका मुलासाठी नसावा, एवढेच मागणे आहे.

नॅन्सी गार्डन २०१४ साली वारल्या. त्यांच्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २००४ साली अमेरिकेत सर्वांआधी समलिंगी विवाहाला मान्यता दिली, आणि त्याच वर्षी त्यांनी आपल्या अनेक वर्षांच्या सहचारिणीशी विवाह केला. तेव्हा त्या सहासष्ट वर्षांच्या होत्या. शेवट लिहून त्यांना बावीस वर्षे झाली होती. घडावयास तेवढा वेळ लागला.